वेगळे झालो, पण होमलोनवर दोघांची नावं आहेत

प्रश्न: ताई, आम्ही दोघं वेगळे राहतोय, घटस्फोट अजून व्हायचाय. घर दोघांच्या नावावर, होमलोनपण दोघांच्या. तो त्याच घरात राहतो. म्हणतो की तू घरावरचा हक्क सोड, पुढचे हप्ते मी भरीन, तसं लिहूनही देतो. ५ वर्षं अर्धा हप्ता मी भरलाय, पण आता भांडण नकोय, सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. करू का?

उत्तर: आत्ता तरी नका करू. तुम्हाला भांडण नकोय हे मला कळतं, पण या सहीने तुम्ही मोकळ्या होत नाही, घर जातं आणि कर्ज तुमच्याकडेच राहतं.

घराची मालकी आणि कर्जाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. जॉइंट लोनमध्ये साधारणपणे दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्याला नाही. तो जे लिहून देणार ते तुमच्या दोघांमधलं, बँकेची त्यावर सही नाही, त्यामुळे उद्या त्याची नोकरी गेली आणि हप्ते थकले तर बँक तुमच्याकडे येणार, तुमचा क्रेडिट स्कोअर पडणार, आणि तुम्हाला स्वतःसाठी कर्ज हवं असेल तेव्हा हे जुनं कर्ज तुमच्या नावावर दिसत राहणार. तो आज मनापासून बोलत असेल हो, पण कर्ज फिटेपर्यंतचा भरवसा कोण देणार?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कर्जातून तुमचं नाव निघालं पाहिजे, हक्क सोडायची सही त्याच वेळी किंवा त्यानंतर. नाव काढायला बँकेची मंजुरी लागते आणि बँक बघणार की त्याच्या एकट्याच्या पगारावर हे कर्ज झेपतं का. नसेल झेपत तर बँक सरळ नाही म्हणते, मग त्याला दुसरा सहकर्जदार आणावा लागेल, किंवा दुसऱ्या बँकेतून स्वतःच्या नावावर नवीन कर्ज काढून हे जुनं बंद करावं लागेल.

आता तुमचा हिस्सा. समजा घराची आजची किंमत १०० आहे आणि कर्ज ६० बाकी आहे, तर वाटायचे ते ४०. निम्मं-निम्मं ठरलं तर २० तुमचे, म्हणजे घर ठेवायला त्याला ६० नाही, ८० उभे करायचेत. हा आकडा समोर आला की बऱ्याचदा बोलणंच बदलतं. किंमत त्याच्या किंवा तुमच्या अंदाजाने धरू नका, दोघांना मान्य असलेल्या व्हॅल्यूअरकडून काढून घ्या. डाउन पेमेंट कोणी किती दिलं आणि तो आता एकटा राहतोय त्याचं काय, हेही याच बैठकीत बोलून घ्या, नंतर उकरून काढलं की कडवटपणा येतो.

आणि ५ वर्षं हप्ते भरलेत म्हणजे बरंच कर्ज फिटलं असेल असं धरून चालू नका. २० वर्षांचं ९ टक्क्यांचं कर्ज असेल तर ५ वर्षांनंतरही १०० पैकी जवळपास ८९ बाकी असतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त.

त्याला ८० झेपत नसतील आणि तुम्हालाही घर नकोय तर विकणं हाच सरळ मार्ग. येणाऱ्या पैशातून आधी बँकेचं कर्ज, मग विक्रीचा खर्च आणि टॅक्स, उरेल ते वाटून घ्यायचं. घराच्या आठवणी असतात, मला माहितीये, पण दोघांनाही न झेपणारं घर ओढत राहिलात तर एकमेकांशी संबंध तुटणारच नाही.

हे सगळं ठरेपर्यंत हप्ता चुकू देऊ नका. तो भरत नसेल तर तुम्ही भरा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा, हिशोबात वळते करून मागता येतील. कर्जाच्या विम्यावर नॉमिनी कोण आहे तेही बघा, हे हमखास राहून जातं.

या आठवड्यात बँकेत एक लेखी अर्ज द्या, बाकी कर्जाचं स्टेटमेंट आणि सहकर्जदाराचं नाव काढायची प्रक्रिया, दोन्ही मागा. तुम्ही सहकर्जदार आहात, त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. ते कागद घेऊन वकिलाकडे जा.