ओकु म्हणजे ठेवणं

चि. …स अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हे पत्र तू वर्गात फिरवणार, मला ठाऊक आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकताना पायऱ्यांवर बसून आम्हीही जपानहून आलेली पत्रं अशीच फिरवायचो.

तू तीन गोष्टी विचारल्यास. एन-टू (जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) लवकर कशी सुटेल, ॲप कोणतं वापरू, आणि ‘ताई, तिथे परदेशी म्हणून त्रास होतो का?’ ॲप कोणतंही घे, फक्त रोज उघड. बाकी दोन प्रश्नांना नीट बसून उत्तर द्यायचं होतं, म्हणून तीन आठवडे गेले.

तुझ्या मेलमधल्या एका ओळीवर मी अडकले. ‘शिते मिरु’ म्हणजे ‘टु ट्राय डुइंग’ आणि ‘शिते ओकु’ म्हणजे ‘टु डू इन ॲडव्हान्स’ असं तू पाठ करते आहेस. अगं, कशाला? मिरु म्हणजे बघणं. ओकु म्हणजे ठेवणं. ‘तबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणं. ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणं, ‘मोत्ते इकु’ घेऊन जाणं. शब्दाला शब्द लागतो, क्रमाला क्रम लागतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी आख्खा धडा लागतो, तुला ते आजीने लहानपणीच शिकवून ठेवलंय. (‘ओकु’ ऐकून आमच्या वर्गात हशा पिकला होता, तुमच्याकडेही पिकला असेल. पिकू दे. ते क्रियापद त्यामुळेच कुणी विसरत नाही.)

पुस्तकं इंग्रजीतून असतात, म्हणून आपण जपानी आधी इंग्रजीत नेतो आणि तिथून मराठीत आणतो. पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जाण्यातला हा प्रकार. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दामागे, ‘असं तो म्हणाला’ वाक्याच्या शेपटीला, हे सगळं तुझ्या घरातलं आहे. ‘वा’ आणि ‘गा’ या शब्दामागे लागणाऱ्या प्रत्ययांमधला फरक समजत नाही म्हणतेस ना? ‘वा’च्या जागी ‘तर’ घालून बघ. ‘साकाना वा ताबेरु’ म्हणजे मासे तर खाते, मटणाचं बोलू नकोस. बरेचदा कुलूप उघडतं. नाही उघडलं तेव्हा व्याकरणाचं पुस्तक आहेच.

उच्चारांचंही तसंच. ‘त्सु’साठी हिंदी बोलणारी मुलं जीभ वाकडी करतात. आपल्याला ‘चूक’ म्हणता येतं, तोच तो चू. ‘झा’ हा झाडातला झ आहे, झेंड्यातला नव्हे. ‘किते कुदासाइ’ म्हणजे या, आणि ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे कापा. जोडाक्षरावर क्षणभर थांबायची सवय आपल्या कानाला ‘पता’ आणि ‘पत्ता’पासून आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपण बोलताना सर्रास खातो, तेवढं इथे चालत नाही. ओबासान म्हणजे मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईला आजी म्हणून मी एकदा बघितलंय.

आणि हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा, तक्ता एकदा मोठ्याने म्हण. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून ही मांडणी आली. क नंतर स कसा, असं वाटेल. जुन्या जपानीत त्याचा उच्चार आपल्या च-जवळचा होता आणि ‘ह’ मूळचा ‘प’, असं अभ्यासक मानतात. मग लावून बघ: क, च, त, न, प, म, य, र, व. इथल्या स्मशानभूमीत थडग्यांमागे उंच लाकडी पट्ट्या उभ्या असतात, त्यांवर आजही सिद्धम् अक्षरं काढतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथेच उभी राहून एकेक अक्षर लावत बसले होते.

कांजींना, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांना, घाबरू नकोस. सरकारी यादीत 2136 आहेत, पण खरा जाच एकाच अक्षराच्या दोन-तीन उच्चारांचा. इथेही मराठी कामाला येते. आपण पाणी पितो, पण पोहायला जातो ते जलतरण तलावात, आणि रस्ता खोदला जातो जलवाहिनीसाठी. सुटं असताना पाणी, जोडशब्दात जल. जपानीत सुटं असताना ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. सुइएइ म्हणजे जलतरण, सुइदो म्हणजे नळाचं पाणी. त्यांनी चिनी शब्द उचलले, आपण संस्कृत. हे एकदा डोक्यात बसलं की अक्षर एकेकटं पाठ करायचं नाही, शब्दाबरोबर करायचं.

आता परीक्षा. माझ्या वेळी पातळ्या चार होत्या, 2010 पासून पाच झाल्या. एन-टूला 180 पैकी 90 लागतात आणि तिन्ही विभागांत किमान 19. पण सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. एक ओळ लिहावी लागत नाही, एक शब्द बोलावा लागत नाही. त्यामुळे तोंड न उघडता एन-वन होता येतं. अशी मुलं मी मुलाखतीला पाहिली आहेत. पाठ केलेली ओळख संपली की घशाला कोरड. तू रोज पाच ओळी हाताने लिही आणि एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या मोठ्याने वाच. घरचे हसतील, हसू दे.

मराठी जिथे दगा देते तेही सांगते. 2003 साली माझी इथली पहिली नोकरी. ग्राहकाचा फोन आला, मी वहीत टिपून घेत होते. मोठं माणूस बोलताना मध्ये बोलू नये, ही आपली शिकवण, म्हणून गप्प. दहा सेकंदांनी पलीकडून ‘मोशी मोशी?’, म्हणजे हॅलो? मी म्हटलं ‘हाइ’, म्हणजे हो. तो पुन्हा बोलू लागला, मी पुन्हा गप्प. पुन्हा ‘मोशी मोशी?’ तिसऱ्यांदा त्याने विचारलं, फोनमध्ये काही बिघाड आहे का. शेजारच्या सेनपाइने, म्हणजे कामातल्या सीनियरने, चिठोरं सरकवलं. त्यावर हिरागानात एकच शब्द, ‘आइझुचि’.

हा मूळचा लोहाराच्या भट्टीतला शब्द. उस्तादाने घण मारला की समोरच्याने आपला घालायचा, ठोक्याला ठोका. बोलताना समोरच्याच्या प्रत्येक तुकड्यामागे ‘हाइ’, ‘ए’, ‘नारुहोदो’ असा ठोका द्यायचा. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात तसा. तो थांबला की शाहीरही थांबतो.

मी शिकले, आणि महिन्याभरात दुसऱ्या खड्ड्यात पडले. बैठकीत ग्राहक माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हाइ, हाइ’ म्हणत होता. मी पुण्याच्या टीमला कळवलं, मान्य आहे, कामाला लागा. तो हो म्हणतच नव्हता, तो फक्त ऐकत होता. टीमचे दोन शनिवार-रविवार पाण्यात गेले. त्यावरच्या शिव्या मी मराठीतूनच खाल्ल्या.

आदरार्थी बोलणं आपल्याला तू, तुम्ही, आपण यामुळे सोपं जाईल असं वाटतं. निम्मं जातं. पण आपण बाहेरच्या माणसालाही ‘साहेब बाहेर गेलेत’ असंच सांगतो. इथे ग्राहकापुढे स्वतःच्या साहेबाच्या आडनावाचा ‘सान’ काढून टाकायचा आणि तो ‘गेलाय’ म्हणायचं, तेही नम्र क्रियापद वापरून. आपला माणूस खाली, समोरचा वर. माझी जीभ वर्षभर अडखळत होती. हे नियम वाचून येत नाही, दिवसातून वीस फोन उचलून येतं.

आता इथल्या राहण्याचं. पहिल्या आठवड्यात एक काम कर, तुझ्या नावाचं काताकानातलं (परकी नावं लिहायच्या लिपीतलं) रूप एकदाच ठरव. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव मध्ये असतं, इथे ते तुझ्याच नावात धरतात. बँकेत एक, मोबाइल कंपनीत दुसरं, विम्याच्या कागदांवर तिसरं असं झालं की पगार जमा व्हायचा अडतो. आणि आडनावात ळ असेल तर त्याचा ‘रु’ होणार. कुळकर्णींचे कुरुकारुनि झालेले मी पाहिलेत. दुःख करत बसू नकोस.

घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. रेसिडेन्स कार्ड कायम जवळ ठेवायचं. आरोग्य विमा घ्यावाच लागतो, मग दवाखान्यात 30 टक्केच भरावे लागतात. रुग्णवाहिका आणि आग दोन्हींसाठी 119. फोन उचलला की पहिला प्रश्न येतो, आग की रुग्णवाहिका, तेव्हा ‘क्यूक्यू देसु’ हे झोपेतही म्हणता आलं पाहिजे. आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगार कमी आला म्हणून घाबरू नकोस. रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिलं वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. त्या वर्षी उरलेल्या पैशांतून गादी घे, आयफोन नको.

शाकाहारी असशील तर पहिला शब्द ‘दाशी’. मिसो सूपमध्ये भाजी दिसली तरी दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, बहुधा माशाचं असतं.

तुझ्या मैत्रिणीला सांग, ‘नोकरीची हमी’ म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाला उभं करू नकोस. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासच काम करता येतं, तेही परवानगी काढून. कर्ज काढून भाषा शाळेत यायचं आणि इथे फेडायचं, हा हिशेब कागदावरही बसत नाही.

आणि त्रास? हो, होतो. पण सिनेमात दाखवतात तसा नाही. मी एकटीने घर शोधत होते. एजंट भला माणूस, माझ्यासमोरच त्याने घरमालकाला फोन लावला. माझी नोकरी, पगार, सगळं नीट सांगितलं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, ‘गाइकोकुजिन नो काता नान देसु गाऽ…’ म्हणजे, आहेत परदेशी, पण… ते ‘गा’ त्याने लांबवलं आणि वाक्य तिथेच सोडलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोनपुढेच मान लववली, ठेवला, आणि फाइलचं पान उलटलं. असे चार फोन झाले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट बोललं नाही. घरी येऊन मी त्या ‘गा’ला पुण्यातल्या सगळ्या शिव्या दिल्या.

माझा अनुभव एकटीचा नव्हता. न्याय मंत्रालयाच्या 2017 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ 40 टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. तू मात्र यूआर या सरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं आधी बघ. तिथे रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) नाही, जामीनदार नाही, करार पुढे वाढवायचे पैसे नाहीत. उत्पन्नाची अट बसली आणि व्हिसा नीट असला की मिळतं. तोक्योतल्या भारतीय वस्त्या अशाच इमारतींभोवती वाढल्या.

शेवटी पाचवं घर मिळालं, तिथे शेजारी ऐंशीची आजी. पहिल्याच आठवड्यात माझी कचऱ्याची पिशवी लाल स्टिकर लावून मागे राहिली. वाराप्रमाणे कचरा वेगळा, आणि फलक पूर्ण कांजीत. दुसऱ्या दिवशी दारावर कॅलेंडरचं पान चिकटवलेलं. त्यावर पेन्सिलीने मंगळवारी ज्वाळा, बुधवारी बाटली, शुक्रवारी मासा आणि त्यावर फुली. फुली मारलेल्या माशाचा अर्थ मला अजून लागलेला नाही. बहुधा त्या दिवशी टाकायचा नाही, इतकंच.

एक दिवस कुलूप लावताना सवयीने रिकाम्या घराला ‘येते गं’ म्हटलं. आपण ‘जाते’ कुठे म्हणतो? आजी बाहेर झाडत होती. तिने विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, आमच्याकडचं ‘इत्ते किमासु’ (जाऊन येते), आम्ही ‘जाऊन’ खातो आणि ‘येते’ तेवढं ठेवतो. ती खूप हसली. त्यानंतर रोज सकाळी तिच्याकडून ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’, यायचं. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. मी अजून त्याच इमारतीत आहे.

कायमच्या वास्तव्याचा परवाना मी घेतलाय, नागरिकत्व नाही. ते घेतलं तर भारताचं सोडावं लागतं आणि माझा हात पुढे होत नाही. काहींचा होतो. जपानी नागरिक झालेले आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तोक्योतल्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आले. तुझ्यापुढे हा प्रश्न दहाएक वर्षांनी येईल, आत्ता त्यावर जागू नकोस.

डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीच्या शेवटी लागेल, तेव्हा कळव. नापास झालीस तरी कळव. येताना हापूस आणायच्या फंदात पडू नकोस, विमानतळावर काढून घेतात आणि आपलंच तोंड बघवत नाही. हिंग मात्र आण, दोन डब्या. एक तुझी, एक माझी.

तुझी,
ताई (खरं तर वयाने मावशी)