स्पॉट वेल्डिंग : जीआय पत्र्याच्या तक्रारी

प्रश्न : इंदूरच्या सांवेर रोडवर आमचा कूलरच्या बॉडीचा कारखाना आहे. सीआर (साधा, जस्त नसलेला) पत्रा सोडून 1 मिमीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा घेतला. मशीन तेच, सेटिंग तेच, पण स्पॉट (दाब आणि करंट देऊन पत्रे जोडलेला ठिपका) हाताने सुटतो. पत्रा खराब आला का?

पत्रेवाल्याशी भांडला असाल तर आधी ते मिटवा. चूक सेटिंगची आहे. जस्त 419 अंशांना वितळतं, लोखंड 1500 च्या आसपास. लोखंड नीट तापायच्या आधीच जस्ताचं पाणी होऊन सांध्यात पसरतं, रेझिस्टन्स पडतो आणि करंट ऐसपैस जागेतून निघून जातो. हे जस्त बाजूला ढकललं गेल्याशिवाय लोखंडाला लोखंड भेटत नाही. म्हणून करंट सव्वापट ते दीडपट करा, वेळ दोन-चार सायकल (50 सायकल म्हणजे एक सेकंद) वाढवा, दाबही थोडा जास्त ठेवा. नुसता वेळ वाढवणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या टिपा (पत्रा दाबून करंट देणारी तांब्याची टोकं) तापतात, स्पॉट कच्चाच राहतो. ठिणग्या उडू लागल्या की करंट एक पायरी खाली आणा.

मग एक जॉब सांडशीने सोलून बघा. एका पत्र्याला भोक पडून दुसऱ्यावर निदान 4 मिमीचं बटण राहिलं पाहिजे. सपाट सुटला, तर ते जस्ताने झाळणं झालं, वेल्डिंग नव्हे.

प्रश्न : टिप पत्र्याला चिकटते. कारागीर दर तासाला कानस मारतो.

टिपेचं तोंड पिवळसर दिसत असेल. तांब्यात जस्त मिसळून पितळ होतं, ते जास्त तापतं आणि जास्त चिकटतं. शिवाय तोंड पसरतं : 5 मिमीचं 6 झालं, तर क्षेत्रफळ 44 टक्के वाढलं. करंट तेवढाच, मग स्पॉट पक्का कसा होणार? कानशीने तोंड तिरपं होतं, टिप ड्रेसर (तोंड सरळ घासून देणारं हत्यार) घ्या. पाण्याची नळी टिपेच्या आत टोकापर्यंत पोचते का, तेही बघा. बोरिंगच्या जड पाण्याने आतून क्षार धरलेल्या टिपा मी ढिगाने पाहिल्यात.

प्रश्न : आमच्याकडे यांना सोमवारी रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गूळ-दूध देते. पुरेसं आहे का?

ताई, गूळ द्या, पण त्याने धूर थांबत नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी असा ताप येतो, साधारण एक-दोन दिवसांत उतरतो. रविवारच्या सुटीत शरीराची सवय मोडते, म्हणून सोमवार गाठतो. शेजारी जीआयवर आर्क वेल्डिंग चालत असेल तर धूर आणखी जास्त. मालकाला धूर ओढणारा पंखा बसवायला सांगा. दम लागला किंवा खोकला राहिला, तर थेट डॉक्टरकडे.

प्रश्न : प्लेटिंग केलेला नट ब्रॅकेटवर प्रोजेक्शनने (नटाच्या उंचवट्यांतून करंट देऊन केलेलं वेल्डिंग) बसवावा का?

जमलं तर आधी वेल्डिंग, मग प्लेटिंग. नट आधीच प्लेटिंग होऊन आला असेल, तर प्लेटिंग कसलं ते लेखी विचारा. कॅडमिअम निघालं तर माल परत पाठवा. त्याच्या धुराने येणारा तापही सुरुवातीला तसाच वाटतो, पण त्यात माणूस जाऊ शकतो.