फिटनेस द्यायच्या आधी

प्रिय बेटा,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘मॅडम, आजी 81, सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस, एरिया 0.6, मीन ग्रेडियंट 52. सर सोमवारच्या लिस्टवर घ्या म्हणतात. फिटनेस देऊ की नको?’ म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप फारच अरुंद, तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक (ग्रेडियंट) मोठा, आणि ती बदलायच्या ऑपरेशनची भूल आजीला झेपेल अशी सही तू करायची. खाली रिपोर्टचे सहा फोटो. सगळे नीट बघितले. क्रिएटिनिन आहे, अँजिओ आहे, कॅरोटिड डॉपलरसुद्धा आहे. आजी पलंगावरून उठून दारापर्यंत जाते का, आणि गेली तर किती वेळ लागतो, हे कुठेच नाही. मला तेवढंच हवं होतं.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस, ते मी लिहीत बसत नाही. फोनवर तुझा आवाज दबलेला होता. सर्जन सरांना नाही म्हणायची भीती वाटते आणि हो म्हणायची त्याहून जास्त, असं तू म्हणालास. ती भीती मला माहीत आहे. पण तिचं उत्तर एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सापडणार नाही. आधी पेशंटला चालताना बघ.

मीही बघितलं नव्हतं, म्हणून इतकं सांगते. मी बधिरीकरणात, म्हणजे भूल देण्याच्या कामात, नवी होते. गोंदियाकडची एक बाई, वय 74, संध्याकाळी स्ट्रेचरवर वॉर्डात आली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबरवर होती. मी रात्री आठला तिला तपासलं. तोंड किती उघडतं, मान वळते का, दात हलतात का, छातीत पाणी आहे का. उशीला टेकून बसली होती, माझ्याशी हसून बोलली. मी ‘हाय रिस्क, फिट’ लिहिलं आणि सही केली. ऑपरेशन सुंदर झालं. झडप छान बसली, हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या पंपावरून सहज उतरली. चौथ्या दिवशी ती भ्रमात गेली, नळ्या ओढायला लागली. पुन्हा व्हेंटिलेटर, मग गळ्याला छिद्र, मग छातीत जंतू. एकेचाळिसाव्या दिवशी गेली. कागद घ्यायला आलेली सून जिन्यात मला म्हणाली, ‘मॅडम, बाई तर दोन महिन्यांपासून खाटेवरून उठलीच नव्हती. आम्ही उचलूनच नेत होतो.’ तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

इथे नागपूरच्या धंतोलीत कुठल्याही हॉस्पिटलच्या दारात उभा राहा आणि बघ. गाडीतून म्हातारं माणूस उतरलं की नातेवाईक मायेनं व्हीलचेअर आणतात. तीच खुर्ची लिफ्टमध्ये, तीच एकोच्या खोलीत, तीच आपल्यासमोर. खुर्चीत बसलेली सगळी म्हातारी माणसं सारखीच दिसतात. काल शेतात जाऊन आलेला आणि सहा महिने अंथरुणात असलेला, दोघांच्याही मांडीवर तीच शाल. म्हणून त्यांना उठवायचं. आपण स्वतः उठवायचं.

आपल्या जुन्या वॉर्डाच्या व्हरांड्यात दोन फुटी फरशा आहेत. आठ फरशा म्हणजे जवळजवळ पाच मीटर. नेहमीच्या चालीनं चालायला सांग, मध्ये बोलू नकोस, तीनदा मोज आणि सरासरी काढ. सहा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ती चाल मंद. 2010 मध्ये अफिलालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या ऑपरेशनला आलेल्या वृद्धांमध्ये हेच मोजलं. मंद चालणाऱ्यांमध्ये मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याचा धोका साधारण तिप्पट निघाला. त्याच गटानं 2017 मध्ये झडप बदलणाऱ्या हजारावर रुग्णांवर चार गोष्टी तपासल्या, सगळे सत्तरीच्या पुढचे. हात छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठता येतं का आणि त्याला 15 सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, स्मरणशक्ती कशी आहे, हिमोग्लोबिन किती, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन 3.5 च्या खाली आहे का. दुबळेपणा मोजायच्या इतर मोठ्या पद्धतींपेक्षा या चारांनी पुढचं जास्त खरं सांगितलं. यातले दोन आकडे तुझ्या फोटोंत आहेत, तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. हिमोग्लोबिन 9.8, अल्ब्युमिन 3.1. उरलेल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

आता तू म्हणशील, मॅडम, मग अनफिट लिहून मोकळा होतो. नाही! ही पळवाट मी घेतलेली आहे आणि ती मला जास्त छळते. काटोलकडचे एक आजोबा, वय 86, संत्र्याच्या बागेत चक्कर येऊन पडले होते. फाइल माझ्या टेबलावर आली. मी वय बघितलं, ग्रेडियंट बघितला आणि फाइलवरच ‘अनफिट’ लिहिलं. माणूस बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलंच नाही. संध्याकाळी घरी निघताना ते मला गेटपाशी दिसले. मुलाच्या पुढे, ताठ, झपाझप रस्ता ओलांडत होते. मी गाडी थांबवली नाही. फाइल बंद झाली आहे, असं स्वतःला समजावलं. पाच महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. या आजारात त्रास सुरू झाल्यावर घड्याळ वेगानं धावतं हे रॉस आणि ब्रॉनवॉल्ड यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलं होतं: छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडल्यापासून तीन, धाप लागून हृदय थकल्यापासून दोन. मला ते तोंडपाठ होतं. गोंदियाची बाई आणि काटोलचे आजोबा, दोघांनाही मी चालताना बघितलं असतं तर दोन्ही कागदांवर उलटं लिहिलं असतं.

लोक म्हणायचे, ही बाई लिस्ट अडवते. हो, अडवली. एका सर्जननं सगळ्या थिएटरसमोर मला विचारलं होतं की तू भूल देतेस की मॅरेथॉनची निवड करतेस. मी त्यांच्याच पेशंटला व्हरांड्यात चालवून आणलं आणि सेकंद फाइलवर लिहिले. त्या दिवशी ती केस पुढे ढकलली गेली. आजही माझं चुकलं असं मला वाटत नाही. ज्यांना मी थांबवलं त्यांतले काही घरी गेले आणि ऑपरेशनविनाच वारले, तेही मला माहीत आहे. त्यांची नावं मी विसरलेली नाही.

टावीचं तू विचारलंस. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवायची, हे पहिल्यांदा 2002 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या रूआँ इथं ॲलन क्रिबिए यांनी केलं. माझ्या त्या बाईच्या वेळी आपल्याकडे ते नव्हतं. आता आहे, आणि 81 व्या वर्षी पहिला विचार त्याचाच व्हायला हवा. सरांशी ते बोल, खर्चाचं घरच्यांशी बोल. पण दुबळी आहे म्हणून टावीला पाठव, इतकं ते सरळ नाही. 2010 च्या पार्टनर चाचणीत ऑपरेशन झेपणार नाही असे रुग्ण घेतले होते. टावीशिवाय नेहमीच्या उपचारांवर वर्षभरात 50.7 टक्के गेले, टावी केलेल्यांतले 30.7 टक्के. फरक मोठा आहे. पण झडप बसूनही दहातले तीन वर्ष पाहू शकले नाहीत, हेही त्याच ओळीत आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न तुझ्यापुढे हा आहे: आजीचा दुबळेपणा झडपेमुळे आला की झडपेच्या आधीपासून आहे? हृदयातून रक्तच पुढे जात नाही म्हणून पाय गळाले असतील, तर झडप बदलल्यावर ती उभी राहील. आणि दोन वर्षांपासून चहा-बिस्किटावर आणि पातळ वरण-भातावर जगते आहे, मांडीचं मांस गेलं आहे, नातवाचं नाव विसरते आहे, तर नवी झडप त्यातलं काही परत आणणार नाही. हे मशीन सांगत नाही, घरचे सांगतात. विचार की मागच्या दिवाळीला आजी काय करायची, पोळ्याला काय करायची, आता काय करते. उतरण कधी सुरू झाली ते सापडेल. एका आजीला मी विचारलं होतं, ऑपरेशन होऊन काय हवं? ती म्हणाली, ‘मले रात्री संडासला कोणाचा हात नको, बस.’ त्या वाक्यावरून आम्ही सगळं ठरवलं. तुझ्या आजीला काय हवं आहे, हे तुझ्या मेसेजमध्ये नव्हतं.

आणि वेळ असेल तर वेळ मागून घे. धाप आटोक्यात असेल, चक्कर नसेल, तर दोन-तीन आठवडे फार उपयोगी पडतात. हिमोग्लोबिन का कमी आहे ते शोध. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर दूध, दही, मुगाची डाळ घट्ट. फिजिओथेरपिस्टला सांगून खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव, दम लागेपर्यंत मुळीच नाही, या झडपेला जोराचा व्यायाम सोसत नाही. त्रास वाढत असेल तर मात्र थांबू नकोस. सरांना सांगताना ‘मला वाटतं’ म्हणू नकोस, सेकंद सांग. ते रागावतील. त्यांनाही ती आजी जगायलाच हवी आहे, हे विसरू नकोस, मी ते फार उशिरा शिकले.

उद्या राऊंडच्या आधी वॉर्डात जा. सलाईन काढून ठेव, तिच्या रोजच्या चपला घालू दे, घरी काठी वापरत असेल तर काठी हातात दे. नातवाला शेवटच्या फरशीपाशी उभा कर आणि तू तिच्या बाजूनं चाल, हात न धरता पण हात पोचेल इतक्या जवळून. सेकंद मोजून मला फोन कर. मी सहापासून जागी असते.

तुझी,
मॅडम