उत्तर : मोरोक्कन रेस्टॉरंटात शाकाहारी आई, बीफ न खाणारे बाबा आणि दोन मुलं – काय मागवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लंडनमध्ये घराजवळ 'मोरोक्कन अँड मेडिटरेनियन' अशी पाटी असलेलं साधंसं रेस्टॉरंट आहे. पुण्याहून आलेल्या आईबाबांना आणि दोन लहान मुलांना घेऊन शनिवारी तिथे जायचंय. आई अंडंही खात नाहीत. बाबा चिकन-मासे खातात, बीफ नाही, आणि त्यांना मधुमेह आहे. मेनू वाचून काही उलगडा होत नाही, जेवण तिखट असतं का आणि सगळ्यांनी एकाच भांड्यातून खायचं का, हेही विचारलंत. माझी नोकरीची बरीच वर्षं कासाब्लांकात गेली, आता पॅरिसजवळ राहते. हे जेवण माझ्या फार जवळचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मेनू कसा वाचायचा ते सांगते, कारण अशा पाटीमागे दोन वेगळी स्वयंपाकघरं असतात. हमुस (काबुली चणे आणि तिळाचं वाटण), फलाफल, ताबुले, फत्तूश, बाबा गनूश हे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं, लेबनॉन-सीरिया-पॅलेस्टाईनचं खाणं. हलूमी चीज सायप्रसचं. मोरोक्को थेट पश्चिम टोकाला. कासाब्लांकातल्या ओळखीच्या घरांत जेवायला बसले की हमुस कधी पुढे आलं नाही. लंडनचं गिऱ्हाईक ते मागतं, म्हणून ते मेनूवर असतं. पाटीवरचा 'मेडिटरेनियन' शब्द मात्र उगाच नाही. उत्तरेकडच्या रिफ डोंगररांगेपलीकडे मोरोक्कोला भूमध्य समुद्राचा किनारा आहे, आणि युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्य आहारपद्धतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली तेव्हा स्पेन, इटली, ग्रीस यांच्या जोडीला मोरोक्कोही होता.

तुमच्या आईंच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. पूर्वेकडच्या छोट्या ताटल्या मुळातच बहुतेक शाकाहारी असतात. मोरोक्कन मुख्य पदार्थ मात्र मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यावर उभे असतात, नावात 'व्हेजिटेबल' असलं तरीसुद्धा. कुसकुसचंच घ्या. त्याचं भांडं दुमजली असतं. खाली रस्सा उकळत असतो आणि वरच्या चाळणीत गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे त्याच्या वाफेवर शिजतात. दोन-तीनदा वाफवायचे, मध्ये परातीत काढून पाण्याचा हात लावत मोकळे करायचे, असं ते निगुतीचं काम आहे. खालच्या रश्श्यात गाजर, सलगम, कोबी, लाल भोपळा, झुकिनी, काबुली चणे आणि बहुतेक वेळा मटण असतं. गिऱ्हाइकाने 'व्हेजिटेबल कुसकुस' मागितला की बरीच ठिकाणं त्याच पातेल्यातल्या भाज्या वाढतात, फक्त मटणाचा तुकडा वगळून. वाढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या लेखी ताटात मांस नाही म्हणजे ते शाकाहारी. म्हणून 'हे व्हेजिटेरियन आहे का?' असं विचारू नका. 'भाज्या कशाच्या रश्श्यात शिजवल्यात?' असं विचारा. या प्रश्नाला मला नेहमी सरळ, खरं उत्तर मिळालंय. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अंडं, दूध, तीळ, बदाम यांचा पत्ता लागतो. मांसाचा रस्सा त्या यादीत नाही, तो तुम्हालाच विचारावा लागेल.

हरीरा सूपचंही तसंच. टोमॅटो, मसूर, चणे, सेलरी, कोथिंबीर असं सगळं वाचून आपल्याला ते अगदी निर्धोक वाटतं, पण त्यात मटणाचे बारीक तुकडे घालायची पद्धत आहे. काही जण शेवटी अंडंही फेटून सोडतात. रमझानमध्ये रोजा सोडताना खजूर आणि शेबाकिया या तळून मधात बुडवलेल्या मिठाईबरोबर हेच सूप पितात. बिनमांसाचा हरीरा करणारी ठिकाणं आहेत, आणि तो फार छान लागतो, पण खात्री करूनच मागवा. मेनूवर 'बिसारा' दिसलं तर मात्र आईंसाठी लगेच सांगा. वाळलेल्या बाकल्याची डाळ मऊ शिजवून, घोटून, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. उत्तर मोरोक्कोत थंडीच्या सकाळी कामावर जाणारी माणसं हे पावाबरोबर खाऊन निघतात. स्वस्त, पोटभरीचं आणि सहसा पूर्ण शाकाहारी.

आईंचं खरं जेवण मोरोक्कन सॅलडांमध्ये आहे. सॅलड म्हटल्यावर कच्च्या काकडी-टोमॅटोच्या चकत्या डोळ्यांपुढे आणू नका, यातली बरीचशी शिजवलेली असतात. झालूक म्हणजे वांगं आणि टोमॅटो लसूण-जिरं-पाप्रिका घालून ऑलिव्ह तेलात आटवलेलं. आपल्या भरताच्या इतकं जवळचं की आई पहिल्याच घासाला ओळखतील. ताक्तुका भाजलेल्या ढोबळी मिरचीची आणि टोमॅटोची. शिवाय जिरं-लिंबू लावलेलं उकडलेलं गाजर, बीट, टोमॅटोच्या रसातला पांढरा घेवडा. अशा चार-पाच वाट्या, त्यांच्या जोडीला पूर्वेकडच्या बाजूचं हमुस, आणि भरपूर खोब्ज, म्हणजे तिथला जाडसर गोल पाव. एवढ्यात कुणाचंही पोट भरतं. वर ताजीन, म्हणजे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला आणि त्या भांड्याच्याच नावाने ओळखला जाणारा रस्सा, मागवायचं ते बाकीच्यांसाठी. मी स्वतः मांसाहारी आहे, तरी पुष्कळदा नुसत्या सॅलडांवर जेवण उरकते, इतकी ती मला प्रिय आहेत. हलूमीत दूध विरजायला कधी प्राण्यांच्या रेनेटचा, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेल्या घटकाचा, वापर असतो. आई त्याबाबत काटेकोर असतील तर विचारून घ्या.

आता बाबांकडे येऊ. चिकन, मुरवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह यांचं ताजीन त्यांच्यासाठी मागवा, दुसरा विचारच करू नका. आलं, हळद, केशर आणि भरपूर कांदा. कांदा इतका शिजतो की त्याचा वेगळा तुकडा दिसत नाही, सगळा रसात विरतो. मिठात कित्येक आठवडे मुरलेल्या लिंबाची साल वरून घालतात आणि तिचा वास त्या रसात उतरतो. हे ताजीन चांगलं जमलंय का, ते रसावरून कळतं. तो दाट, चकचकीत आणि पावाला धरून राहणारा हवा. पातळ पाणी आणि त्यात तरंगणारी कोंबडी असेल तर घाई झालीय. रेस्टॉरंटात मांस आधीच शिजवून ठेवतात आणि मातीच्या भांड्यात गरम करून आणतात, त्यात गैर काही नाही. मोरोक्कोतही रस्त्याकडेच्या खानावळीत सकाळीच कोळशाच्या शेगड्यांवर ताजिनांची रांग लावतात, दुपारपर्यंत ती मंद शिजतात आणि संपली की संपली. आधी शिजवलेलं असणं हा दोष नाही, कमी शिजवलेलं असणं हा आहे.

बीफबद्दल नीट सावध राहा. कोफ्त्यासारख्या गोळ्यांचं 'केफ्ता' ताजीन बीफचं किंवा लँबचं असतं, अनेकदा दोन्ही मिसळलेलं. मर्गेझ सॉसेजचंही तेच. मेनूवर नुसतं 'मीट' लिहिलं असेल तर बीफच समजून चाला आणि विचारा. लँब आणि प्रुनचं (सुकवलेल्या आलुबुखारचं) ताजीन फार प्रसिद्ध आहे, वर भाजलेले बदाम आणि तीळ, पण ते चांगलंच गोड असतं. बाबांच्या साखरेचा विचार करता ते तुम्ही खा, त्यांना एक-दोन घासच द्या. पास्तिया मिळत असेल आणि आई सोडून तुम्ही बाकीचे अंडं खात असाल तर एक मधे मागवाच. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत कोंबडी, अंडं आणि बदाम भरून वर दालचिनी आणि पिठीसाखर. खारट आणि गोड एकाच घासात येतं. काहींना ते पटत नाही. माझ्या मते मोरोक्कन स्वयंपाकाची सगळ्यात मोठी करामत हीच आहे.

मासे मिळाले तर शर्मूला लावलेले विचारा : कोथिंबीर, लसूण, जिरं, पाप्रिका आणि लिंबू यांचं वाटण. कासाब्लांकाच्या मार्शे सॉन्त्राल बाजारात मासे निवडून तिथेच शिजवून घ्यायची सोय आहे, आणि ते जेवण मी आजही विसरलेले नाही.

तिखटाची काळजी सोडा. मोरोक्कन जेवणात मसाले भरपूर पण मिरची बेताची, त्यामुळे मुलांना काही त्रास होणार नाही. उलट बाबांनाच ते सौम्य वाटेल. त्यांच्यासाठी हरिसा वेगळी मागून घ्या. लाल मिरचीचं हे वाटण मूळचं ट्युनिशियाचं, पण अशा बहुतेक ठिकाणी असतं. मुलांसाठी ग्रिल केलेलं चिकन आणि थोडा कुसकुस पुरे. मस्मन करत असतील तर तेही घ्या, ती घडीची चौकोनी पोळी लोणी-मध लावून मुलं आनंदाने खातात.

एकाच भांड्यातून खाण्याबद्दल : मोरोक्कोत घरी ताजीन मधे ठेवतात, प्रत्येक जण उजव्या हाताने पावाचा तुकडा मोडून आपल्या समोरच्या बाजूनेच खातो आणि मधलं मांस शेवटी यजमान वाटून देतात. ताजीन पावाशी खायचं असतं. लंडन-पॅरिसमध्ये त्याच्याबरोबर कुसकुस देतात, पण मी नेहमी पावच मागते. कुसकुस हा तिथे शुक्रवारचा, सगळं घर एकत्र बसून खायचा पदार्थ आहे. रेस्टॉरंटात प्रत्येकाला वेगळी ताटली मिळेलच, तेव्हा आईंच्या सॅलडांच्या वाट्या त्यांच्या बाजूला वेगळ्या ठेवा आणि ताजीन दुसऱ्या बाजूला. मातीचं भांडं आणि झाकण दोन्ही चटका देतात, मुलांना लांब बसवा.

एक गोष्ट आईंना जरूर सांगा. तिकडे बाळंतिणीला 'र्फिसा' करून घालतात : मस्मनचे तुकडे, त्यावर कोंबडी, मसूर आणि भिजवलेली मेथी. दूध यावं म्हणून मेथी. कासाब्लांकात शेजारच्या घरी बाळ झालं तेव्हा मलाही ताट आलं होतं, आणि मेथीचा तो वास येताच मला माझ्या आजीचे मेथीचे लाडू आठवून भरून आलं. साध्या रेस्टॉरंटात हा पदार्थ सहसा नसतो, पण वाढणारी व्यक्ती मोरोक्कन असेल तर आईंना विचारू द्या. बोलणं सुरू होईल.

शेवटी गोडाचं. संत्र्याच्या चकत्यांवर दालचिनी आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी, हे आईबाबा दोघांना चालेल, मात्र वर साखर भुरभुरू नका असं सांगा. बदामाच्या बिस्किटांत अंडं आहे का ते विचारा. पुदिन्याच्या चहात साखर किटलीतच घालून उकळतात, ती नंतर काढता येत नाही, म्हणून बाबांची किटली बिनसाखरेची हवी हे ऑर्डर देतानाच सांगा. शुक्रवारी संध्याकाळी फोन करून टेबल राखून ठेवा आणि त्याच फोनवर रश्श्याचा प्रश्नही विचारा. आधी कळलं तर कित्येक जण आईंसाठी भाज्या वेगळ्या पाण्यात शिजवून देतात, शनिवारच्या गर्दीत ऐनवेळी ते त्यांना जमत नाही.