वाचक विचारतात: रॉकेटचा गडगडाट ऐकायला जाताना

श्रीहरिकोट्याहून होणारं उड्डाण प्रत्यक्ष पाहण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न.

चांद्रयान-3 चं उड्डाण टीव्हीवर पाहिलं. तिथे गेलेले म्हणतात, छातीत धडधडतं. टीव्हीवर तसं का होत नाही?
– एक वाचक, जुळे सोलापूर

कारण तो आवाज टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही. रॉकेटच्या आवाजाची मोठी ताकद 100 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांच्या, खालच्या कंपनांत असते. काही कंपनं तर कानाला ऐकूही येत नाहीत, ती अंगालाच कळतात. टीव्हीचा स्पीकर इतका खाली उतरत नाही. सिद्धेश्वर यात्रेतलं शोभेचं दारूकाम होम मैदानावर उभं राहून ऐकणं आणि मोबाईलवर ऐकणं यात जो फरक, तोच इथे, पण कितीतरी पटींनी मोठा.

शिवाय त्यात एक टरटर असते. आवाज फार जोराचा असला की लहरीचा दाबलेला भाग विरळ भागापेक्षा वेगाने पुढे सरकतो, लहरीची कड उभी होते आणि एकामागोमाग बारीक धक्के बसतात. ही टरटर माईकला नीट झेपत नाही.

आवाज उशिरा येतो, हेही ध्यानात ठेवा. दर किलोमीटरला साधारण 3 सेकंद. तुम्ही 6 किलोमीटरवर असाल तर रॉकेट 17-18 सेकंद मुक्यानेच वर चढताना दिसेल. आणि आवाज पोहोचला म्हणजे कळस झाला असंही नाही. ज्वाळेच्या दिशेपासून साठेक अंश तिरक्या बाजूला आवाज सर्वांत जोरात फेकला जातो. त्यामुळे रॉकेट वर जाऊन समुद्राकडे कलू लागलं की गडगडाट वाढतो. पहिला आवाज ऐकून टाळ्या वाजवत बसणाऱ्यांचं इथेच चुकतं.

सगळ्यांत दणदणीत उड्डाण कोणतं?
– एक वाचक, होटगी रोड

भारतात एलव्हीएम-3. वजन सुमारे 640 टन. चांद्रयान-3 याच रॉकेटने 14 जुलै 2023 ला दुपारी 2:35 वाजता नेलं. त्याचे एस-200 हे दोन घन इंधनाचे बूस्टर जमिनीवरच पेटतात आणि दोघांत मिळून 400 टनांहून जास्त इंधन असतं. मधला द्रव इंधनाचा टप्पा नंतर हवेतच सुरू होतो. घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते, म्हणून ज्वाळा डोळे दिपवते आणि मागे पांढऱ्या धुराचा जाड खांब उरतो. इस्रोचं दुसरं रॉकेट पीएसएलव्ही याच्या निम्म्या वजनाचं, सुमारे 320 टनांचं. आवाज कमी, पण तेही घन इंधनावरच उठतं, त्यामुळे धूर आणि उजेड भरपूर. पहिल्यांदाच जात असाल तर एलव्हीएम-3 चीच वाट पाहा, असं आमचं मत.

सोलापुरातून गच्चीवरून दिसेल का?
– एक वाचक, विजापूर रोड

जवळजवळ नाही. सरळ रेषेत श्रीहरिकोटा सुमारे 640 किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रॉकेट 32 किलोमीटर उंच गेल्याशिवाय आपल्या क्षितिजावर येतच नाही, आणि तोवर ते आपल्यापासून आणखी लांब, पूर्वेला किंवा आग्नेयेला निघालेलं असतं. मग जे दिसेल ते क्षितिजाला चिकटून, धुळीच्या थरात. एकच अपवाद: उड्डाण पहाटे किंवा सूर्यास्तानंतर लगेच असेल, आपल्याकडे अंधार आणि वर धुरावर ऊन असेल, तर आग्नेयेला खूप खाली एखादा उजळ फराटा दिसू शकतो. त्यासाठी त्या बाजूला इमारत किंवा दिवे नसलेलं मोकळं रान हवं. आवाजाची आशा सोडा.

जायचं कसं? पास लागतो का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने रेणिगुंट्याला उतरा, तिथून श्रीकालहस्ती, नायडुपेटा करत रस्त्याने सुल्लूरपेटा. नाहीतर थेट चेन्नई गाठून उत्तरेकडच्या लोकलने सुल्लूरपेटा. पुढे पुलिकत सरोवरातून गेलेला रस्ता श्रीहरिकोटा बेटावर जातो. इस्रोच्या प्रेक्षक गॅलरीसाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि पटकन भरते. नोंदणीत दिलेलंच मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

परतीचं तिकीट मात्र त्याच संध्याकाळचं काढू नका. चांद्रयान-2 चं उड्डाण 15 जुलै 2019 ला अवघी 56 मिनिटं उरलेली असताना थांबवलं आणि ते झालं 22 जुलैला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडच्या पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा तर दोन दिवस हाताशी ठेवूनच निघा.

मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं की नुसता खरखराट येतो, ज्वाळाही पांढरीफटक दिसते. काय करावं?
– एक वाचक, सात रस्ता

फोन आपोआप उजेड ठरवतो. आधी अंधुक पॅड, म्हणजे रॉकेट उभं असतं ती जागा, दिसतं म्हणून तो उजेड वाढवून ठेवतो आणि ज्वाळा पेटली की चित्र जळतं. उलटी गणती सुरू होण्याआधीच पॅडवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी बरीच खाली ओढा. रात्रीच्या उड्डाणाला आणखी खाली. फोन स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि स्वतः डोळ्यांनी पाहा.

आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर न्या. त्यातलं आपोआप पातळी ठरवणारं बटण बंद करा, नाहीतर गडगडाट वाढला की रेकॉर्डरच तो दाबून टाकतो. उड्डाणाआधी गर्दीच्या गोंगाटाने काटा जेमतेम हलेल इतपत पातळी ठेवा. माईकवर फोमची टोपी चढवा, कारण तिथला समुद्रवारा सगळं खाऊन टाकतो. घरी आल्यावर चांगल्या हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर खालचा आवाज गायबच असतो.

तीन वर्षांच्या मुलीला नेलं तर कानाला त्रास होईल?
– एक वाचक, बाळे

प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या अंतरावर कानाला इजा होण्याइतका आवाज नसतो, पण मूल दचकून रडू शकतं. कानावर बसणारे मुलांचे मफ मिळतात, ते उड्डाणाआधीच घाला. खरा त्रास उन्हाचा आणि तासन् तास बसण्याचा. पाणी, टोपी आणि खाऊ सोबत घ्या.