टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घासून मोठा केला तर फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की बिडाच्या मॅनिफोल्डची (इंजिनाचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची) तोंडं इंजिनाच्या हेडच्या पोर्टशी (धूर बाहेर पडायच्या भोकांशी) जुळत नाहीत, तर आतून घासून मोठा केला की फिटिंगही सुधारेल आणि फ्लोही वाढेल का. वाढतो, पण आधी फ्लँज, म्हणजे हेडला चिकटणारी सपाट पट्टी, सरळ आहे का ते बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दोन संध्याकाळी बसून आतून अगदी आरसा केला, बसवला आणि गाडी चालू केली तर फुसफुस आवाज, कारण फ्लँज उष्णतेने वाकलेली होती आणि मी ती तपासलीच नव्हती. स्ट्रेटएज ठेवा, खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घाला, ०.१ मिमीचं पान आरामात जात असेल तर मशीन शॉपमधून फेस मारून (तोंड सपाट करून) आणा, हाताने फाइल मारत बसू नका. आणि तो आरसा तर फुकटच गेला, थोडे दिवस चालवली की आत कार्बन बसतोच.

आता जुळवणं. बरेच जण गॅस्केट ठेवून त्याच्या कडेने रेघ मारतात आणि तिथपर्यंत घासतात, पण गॅस्केटची भोकं बहुतेक वेळा पोर्टपेक्षा मोठी असतात, म्हणून आधी गॅस्केट हेडवर लावून किती फरक आहे ते बघा. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा चहूबाजूंनी अर्धा-एक मिमी मोठं राहिलं तर चालतं, लहान राहिलं की वायू थेट त्या काठावर आपटतो. तेवढा काठ काढा आणि पुढे इंचभर उतार देऊन आतल्या मापाला मिळवा, बस. सगळी नळी मोठी करू नका, आतलं आकारमान वाढलं की टर्बो उशिरा स्पूल होतो, म्हणजे उशिरा वेग पकडतो. टर्बोच्या बाजूलाही तेच, मॅनिफोल्डचं तोंड टर्बाइनच्या तोंडापेक्षा मोठं झालं की तिथे नवीन काठ तयार. ट्विन स्क्रोल (टर्बाइनकडे दोन वेगळ्या वाटा असलेला टर्बो) असेल तर मधल्या भिंतीला हात लावू नका.

खरा फायदा मला वेस्टगेटपाशी, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेपाशी, दिसला. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) सेट केलेल्या आकड्याच्या वर सरकत राहत असेल तर बायपासचं भोक थोडं मोठं करा आणि आतली धारदार कड गोल करा, फक्त फ्लॅपला बसायला सगळीकडे पुरेशी कड राहू द्या, नाहीतर तो कधी बंदच होणार नाही.

बोल्टची भोकं घट्ट असतील तर टोकाकडची थोडी लांबट करा. ४०० मिमीचा बिडाचा मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापला की अडीच मिमीच्या आसपास वाढतो, स्टेनलेसचा ४ मिमी, त्याला सरकायला जागा नसली की स्टड तरी तुटतो नाहीतर मॅनिफोल्डला तडा जातो. बिडाला वेल्डिंग करायचंच असेल तर निकेलचा रॉड, आधी तापवून, आणि नंतर एकदम हळू थंड करून, पण शक्यतो टाळाच.

घासताना कार्बाइड बर (ग्राइंडरला लावायचं कठीण कापणारं टोक) वापरा, गॉगल-मास्क लावा, आणि मॅनिफोल्ड सुटा असतानाच हे सगळं करा. नंतर पाण्याने, ब्रशने, हवेने इतकं साफ करा की कंटाळा येईल, कारण लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनमध्ये एक कण गेला तरी पात्याला खाच पडते 😅. नट लोखंडी लॉकिंगचे किंवा तांब्याचा मुलामा असलेले घ्या, नायलॉनवाले नकोत. दोन-चारदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळा, आणि गॅस्केटच्या कडेला काळी रेघ दिसली तर तिथेच लीक आहे.