पूर्ण बॅकअपमधून फक्त हव्या तेवढ्याच फाइली काढता येतात का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: संस्थेच्या वर्डप्रेस साइटवर जागा मोकळी करताना अपलोड्समधलं २०१९ चं फोल्डर उडालं, त्यात जुन्या वार्षिक अहवालांच्या पीडीएफ होत्या. सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमधून) काढलेला दहा दिवसांपूर्वीचा पूर्ण बॅकअप आहे, पण तो परत चढवला तर मधल्या दिवसांतले देणग्यांचे फॉर्म, नव्या नोंदी सगळं जाईल. मग तेवढंच फोल्डर काढता येईल का?

येतं. आणि तुम्ही घाईने रिस्टोअरच्या वाटेला गेला नाहीत हे फार बरं केलंत. मी गेलो होतो. एका दिवाळी अंकाच्या साइटवरचं मुखपृष्ठाचं एकच चित्र गेलं होतं, त्यासाठी मी अख्खी होम डिरेक्टरी, म्हणजे खात्यातल्या सगळ्या फाइलींचं मूळ फोल्डर, बॅकअपमधून परत चढवली. चित्र आलं, पण आदल्या रात्री जागून बदललेल्या थीमच्या फाइलींवर आठवड्यापूर्वीच्या फाइली येऊन बसल्या. संपादक फोनवर "अहो, हे काय केलंत?" एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

तर आधी ती बॅकअपची फाइल आजच्या आज स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सर्व्हरवरचे रोजचे बॅकअप फिरते असतात. ठरावीक प्रतीच ठेवल्या जात असतील, तर काही दिवसांनी तुमचं फोल्डर असलेली शेवटची प्रतही पुसली जाते. फाइलच्या नावातली तारीख वाचताना जपून, सीपॅनेल महिना आधी लिहितं. चार, टिंब, सहा म्हणजे ६ एप्रिल, ४ जून नव्हे. चुकीच्या प्रतीत तासभर शोधलंय मी.

ही फाइल टार डॉट जीझेड असते. म्हणजे टारने सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधलं आणि जीझिपने ते दाबून लहान केलं. टार हे नावच टेप आर्काइव्हवरून आलंय, आणि वागणंही टेपसारखंच. झिप फाइलीत शेवटी अनुक्रमणिका असते, त्यामुळे एखादी फाइल पटकन सापडते. इथे अनुक्रमणिका नाही, सुरुवातीपासून वाचत जावं लागतं. पाच-सहा जीबीच्या गाठोड्यातून एक पीडीएफ काढायलाही बराच वेळ लागतो, तेव्हा अडकलं असं समजून बंद करू नका.

विंडोजवर असाल तर सेव्हन-झिप पुरेसं आहे. उघडल्यावर आत फक्त एकच टार फाइल दिसते आणि लोक तिथेच घाबरतात. तिच्यावर डबल क्लिक करा. आत होमडिर, त्यात पब्लिक एचटीएमएल, मग डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड्स, २०१९. ते फोल्डर तेवढं बाहेर ओढा, झालं.

लिनक्सवर टार कमांडला टी दिलं की नुसती यादी मिळते, एक्स दिलं की फाइल बाहेर येते. आधी यादी एका टेक्स्ट फाइलीत काढा, त्यात तुमचं फोल्डर शोधा आणि तिथला पत्ता जसाच्या तसा कॉपी करून एक्सच्या कमांडला द्या. पाठ आहे म्हणून हाताने टाइप करू नका. सुरुवातीचं एखादं फोल्डर राहिलं तरी "सापडलं नाही" असंच उत्तर येतं, आणि माणूस बॅकअपच खराब आहे समजून बसतो.

अहवालांची नावं मराठीत असतील तर आणखी एक गंमत. सर्व्हरचं लोकेल, म्हणजे भाषेची आणि अक्षरांची सेटिंग, युटीएफ-८ नसेल, तर यादीत 'अहवाल' शोधून मिळणार नाही, त्या जागी तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे रांगेने दिसतील. फाइल बिघडलेली नाही. देवनागरी अक्षराचे तीन बाइट असतात आणि टार तेच अष्टमान (फक्त ० ते ७ वापरणाऱ्या) आकड्यांत दाखवतंय. अशा वेळी एकेक फाइल मागण्यापेक्षा पूर्ण फोल्डर मागा, त्याचं नाव तर 2019 असं साध्या इंग्रजी आकड्यांतच आहे.

सर्व्हरवरच उघडायचं असेल तर पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर वेगळं फोल्डर करून तिथे उघडा. या गाठोड्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल असते आणि पूर्ण डेटाबेसही. साइटच्या फोल्डरात ठेवलंत तर पत्ता ओळखणारा कुणीही ते उतरवून घेऊ शकतो. शिवाय फाइल मॅनेजरमधून एक्स्ट्रॅक्ट केलंत तर सगळंच उलगडतं, तेव्हा जागा आहे ना बघा.

आता कळीचा प्रश्न: फोल्डर उडालं कसं? फाइल मॅनेजर किंवा एफटीपीतून (सर्व्हरवर फाइली चढवायच्या-उतरवायच्या सोयीतून) उडवलं असेल तर डेटाबेसमधल्या नोंदी शाबूत आहेत. फाइली त्याच नावाने, त्याच जागी ठेवल्या की काम संपलं. पण मीडिया लायब्ररीतून 'कायमचं हटवा' केलं असेल, तर पोस्ट्स आणि पोस्टमेटा या टेबलांतल्या ओळीही गेल्या. फाइली परत ठेवल्यावर लेखांतल्या थेट लिंका चालतील, लायब्ररीत मात्र काही दिसणार नाही. पीडीएफच आहेत, तर मी तेवढ्यावर सोडून देईन. लायब्ररीत हवंच असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला कमांड देण्याच्या साधनातल्या मीडिया इम्पोर्टने स्किप-कॉपी देऊन नव्या नोंदी करता येतात, पण त्यांचे क्रमांक नवे पडतात. जुन्याच क्रमांकाने जोडलेली मुख्य चित्रं असतील, तर बॅकअपच्या मायएसक्यूएल फोल्डरातला डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) एका वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा आणि तेवढ्या ओळी तिथून आणा. चालू डेटाबेसवर तो डंप चढवू नका, तुमचे देणग्यांचे फॉर्म तिथेच बुडतील.

फाइली चढवल्यावर परवानग्या (कोण वाचू आणि बदलू शकतं ते) बघा, फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५. मग एखाद्या अहवालाची लिंक प्रायव्हेट विंडोत उघडा. तरीही ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', येत असेल तर आधी साइटची कॅश (साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा, नाहीतर उगाच पुन्हा गाठोडं सोडायला बसाल.